सुभाषनाना आणि टाकीतल्या गोमी

सुभाषनाना माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या बोटाबोटाला सेलोटेप गुंडाळलेला होता. चेहरा असा, की पलीकडे कोणी गेलं की काय, असं वाटून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"बाई, व्हिनेगर आहे का? नसेल तर लिंबू द्या. काहीतरी आंबट द्या."

"झालं काय नाना?"

"गोम. टाकीत गोम निघाली. हातात धरली तर सगळे काटे सोडून गेली मेली."

मी लिंबू कापून दिलं. नानांनी दाताने टेप ओढून काढला. त्याला काचेच्या लोकरीसारखे बारीक पांढरे केस चिकटले होते. बोटं सुजून लाल झाली होती. पण हे गृहस्थ बोटांकडे बघतच नव्हते. सारखी मान वळवून आपल्या घराकडे बघत होते, जणू काय तेवढ्यात ती गोम टाकीतून उतरून पलंगापर्यंत जाणार होती.

सुरतेच्या नवागामात आमची घरं भिंतीला भिंत लावून. माझे वडील रेल्वेत, उधना यार्डात होते. मी उधन्याच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून गल्लीत लहानथोरांना मी 'बाई'. नाना अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेत आले, बमरोलीजवळच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाला रंग देता देता रंगमास्तर झाले. त्या कामाने त्यांची नखं कायमची जांभळट झाली होती आणि नजर कायमची बिघडली होती. बिघडली म्हणजे काय, तर या माणसाला जगात रंगाशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. चहा दिला की आधी कप दाराच्या उजेडात धरायचा. "आज शेड फिकी आहे, बाई." माणूस आजारी आहे की नाही हेसुद्धा ते अंगाला हात न लावता सांगायचे. "पिवळा वाढलाय याच्यात, दवाखान्यात न्या." आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते खरं निघायचं. चुकलं तर नाना दोष ट्यूबलाइटला द्यायचे, स्वतःला कधीच नाही.

गिरणीतला त्यांचा एक मंत्र होता. रंग बिघडला की डागडुजी करत बसायचं नाही. सगळा रंग उतरवायचा, कापड कोरं करायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. "थिगळ लावून शेड सुधरत नाही बाई. धुऊन काढा." भाऊबंदकीतलं भांडण असो, नळाची गळती असो नाहीतर सरकारी योजना असो, नानांचं उत्तर एकच. धुऊन काढा.

निर्मलावहिनींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मात्र धुऊन काढण्यासारखं काही नव्हतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वाचा गेली म्हणजे, शब्द सगळे गेले आणि एकच वाक्य मागे राहिलं. 'जेवनात का?' म्हणजे जेवलात का, हे जन्मभर दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलेलं. आता दुखलं तरी 'जेवनात का', तहान लागली तरी 'जेवनात का', रडायला आलं तरी तेच. नाना त्या वाक्याच्या सुरावरून काय हवंय ते ओळखायचे. पण वहिनींची नजर छताला लागली होती ती हलेना. डॉक्टर म्हणाले, मान फिरती ठेवा, डोळ्यांना काहीतरी हलतं दाखवा. नानांनी टीव्ही लावून पाहिला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

मग टाकी आली. वेसूत एका शेठच्या बंगल्यात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय होतं. शेठच्या मुलाची हौस फिटली, आणि 'उचलून न्याल तर तुमची' या बोलीवर नानांनी ती टेम्पोतून आणली. दगडांसकट, दोन केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउन मासे, एक पिवळाधमक मासा आणि हाताच्या पंजासारखं एक मऊ प्रवाळ, जे सकाळी दिवा लावला की हळूहळू बोटं उघडायचं. टाकी पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवली. दुसऱ्या दिवशी नानांनी मला ओढत नेलं. वहिनींची मान वळलेली होती. केशरी मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, वर गेला की वर. नाना दाराच्या चौकटीला धरून रडत होते आणि वर मलाच म्हणत होते, "रडू नका बाई, तिला दिसतं."

त्या दिवसापासून त्या टाकीचं पाणी म्हणजे नानांचा श्वास झाला. सुरुवातीला त्यांनी काय काय उद्योग केले ते सांगितले तर हसाल. 'समुद्र तर आपल्या डुमसला फुकट आहे' म्हणून कॅन भरून पाणी आणलं. ते निघालं चहाच्या रंगाचं. मग रंगमास्तरांनी त्यात तुरटी फिरवली. अडाजणला अशा माशांचं दुकान चालवणारा एक गुजराती भाई होता, त्याला फोनवर ही युक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ते पाणी टाकीत पडायचं वाचलं. पुढे नाना शहाण्यासारखे शुद्ध पाण्यात विकतचं मीठ कालवू लागले. मासे वाचले, प्रवाळ वाढलं, आणि वहिनी एके दिवशी पिवळ्या माशाकडे बघून चक्क हसल्या.

आता गोमी कुठून आल्या ते मला पुष्कळ नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे नानांची तडफड तुम्हाला नीट समजेल.

श्रावणात खानदेशी घरांत कानबाई ही देवी बसते. तिचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी मुठी गहू काढायचे, दळायचे, आणि त्याचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे. बाहेरच्याला चालत नाहीत. आम्ही बौद्ध, त्यामुळे मी तर बाहेरचीच. पण नानांच्या कुळात लग्न झालेल्या लेकीलाही त्या ताटात जागा नाही, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही. दुसरा नियम याहून कडक. रोट टाकायचा नाही. उरला तर पाण्यात सोडायचा. त्या वर्षी नानांनी दोन्ही भावांच्या आणि सगळ्या पुतण्यांच्या नावाने गहू काढले. बमरोलीची एक चुलत भावजय येऊन रांधून गेली. पाटांची रांग मांडली, रांगोळी काढली आणि नाना दारात उभे राहिले. नाशकातल्या भावाचा फोन आला, "यंदा जमत नही, नाना." दुसऱ्याने फोनही केला नाही. त्याच्या मुलांना म्हणे रोट जड पडतात. मी माझ्या ओट्यावरून ती रिकामी पंगत बघत होते. मला कोणी बोलावलं असतं तर मी बसले असते, पोटभर खाल्लं असतं. पण ते शक्य नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. नाना एकटे बसून जितके खाता येतील तितके रोट खात राहिले.

सोमवारी कानबाईचं विसर्जन. उकाई धरणातून पाणी सोडलेलं, तापी दुथडी भरलेली, काठावर पोलीस. देवी मंडळाच्या लोकांबरोबर कशीबशी पाण्याला लागली, पण रोटांचं भांडं नाना घरीच विसरले होते, आणि परत गेले तेव्हा घाट बंद. नाना भांडं घेऊन घरी बसले. टाकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, ठेवून आंबवायचं तर मुळीच नाही. आणि समोर काय, तर समुद्र. नुसतं पाणी नाही, साक्षात खारं पाणी. नानांनी रोटांचा बारीक चुरा केला, हात जोडले आणि तो टाकीत सोडला. दगडांच्या मागे, कपारीत, जिथे मासे उकरणार नाहीत तिथे बोटाने सारला. पाणी दोन-चार दिवस ताकासारखं झालं आणि मग निवळलं. देवीने स्वीकारलं, असं नाना समजले. वहिनी पलंगावरून हे सगळं बघत होत्या.

मग गोमी. गुलाबी-तपकिरी, अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांची झालर, आणि दगडाच्या प्रत्येक भोकातून अर्धं अंग बाहेर काढून वळवळणाऱ्या. दुकानदार त्यांना ब्रिसलवर्म म्हणायचा. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एक-दोन प्रत्येक टाकीत असतात, पण इथे त्यांची जत्रा भरली होती. उजेडात लपतात म्हणून नाना भर दुपारी टाकीवर काळं कापड टाकायचे आणि थोड्या वेळाने झटकन उचलून चिमट्याने धरायचे. कापड पडलं की पलंगावरून वहिनींचं सुरू. "जेवनात का? जेवनात का?" घाबरल्यासारखं, चढत्या आवाजात. "उचलतो वं, उचलतो," म्हणत नाना घाई करायचे, घाईत गोम तुटायची आणि तिचे काटे नानांच्या बोटात.

गिरणीतली टाकाऊ, सूत गुंडाळायची प्लास्टिकची नळी आणून त्यांनी सापळा केला. एका तोंडाला जॉर्जेटची चिंधी शिवली, आत आमिष म्हणून झिंगा. श्रावणाचे शेवटचे दिवस, आणि नाना श्रावणात कांदासुद्धा न शिवणारे. माझ्याकडे येऊन भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तर श्रावण नसतो. जरा थोडे झिंगे आणता का?" मी आणले. नानांनी श्वास रोखून, तोंड फिरवून तो झिंगा नळीत ढकलला. रोज नळी भरून गोमी निघायच्या आणि रोज तेवढ्याच पुन्हा दिसायच्या. मासे दुबळे वाटतात म्हणून नाना त्यांना जास्त खाऊ घालू लागले. गोमी आणखी वाढल्या.

एकदा मी तिथे असतानाच त्यांनी दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर.

"काका, जीवडानो वांक नथी," तो शांतपणे म्हणाला. "खावानुं ओछुं करो. ए तो सफाईवाळा छे. टंकी में कुछ डाला था क्या?"

म्हणजे दोष किड्यांचा नाही, सडकं खाऊन ते पाणी साफ ठेवतात, खाणं कमी केलं की आपोआप कमी होतील. सफाई करणाऱ्यालाच घाण म्हणायची आपली सवय किती जुनी आहे, हे मी नानांना सांगणार होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. 'कुछ डाला था क्या' ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही टाकलं," नाना म्हणाले.

"जेवनात का?" वहिनी म्हणाल्या. टाकीकडे नाही, नानांकडे बघत.

नाना माझ्यामागोमाग ओट्यावर आले आणि तिथे त्यांनी मला ते रोटांचं सांगितलं. सांगताना हा धिप्पाड माणूस शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

"तुम्ही शिकलेल्या आहात बाई. खरं सांगा, कानबाईला समुद्र चालत नाही का? कोपली का ती?"

"कानबाईचं मला माहीत नाही नाना. त्या टाकीला एवढं पीठ चालत नाही, एवढं कळतं. दुकानदाराला खरं सांगा. तो काहीतरी सांगेल. नाहीतर नुसतं थांबा. ते किडे खाऊन संपवतील आणि स्वतःही कमी होतील."

"थांबू? आणि तोवर माशाला काही झालं तर? तिची मान पुन्हा छताला लागली तर?" नानांनी दाराकडे वळून बघितलं. "देवीचा रोट किड्यांनी खाल्ला बाई. किड्यांनी! भाऊ आले नाहीत आणि हे आले."

पुढचे काही दिवस नानांनी कसेबसे काढले. मग गणपतीच्या सुट्टीत एका सकाळी त्यांच्या अंगणातून उकळत्या पाण्याची वाफ आणि समुद्रकाठच्या कुजलेल्या जाळ्यासारखा वास यायला लागला. मी धावत गेले. मासे आणि प्रवाळ बादलीत. टाकी रिकामी. सगळे दगड अंगणात मांडलेले आणि नाना त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून तारेच्या घासणीने घासत होते. पायाशी गोमींचा लगदा पडला होता.

"नाना! दुकानदाराला विचारलंत का?"

"डागडुजीने शेड सुधरत नाही, बाई." डोळे लाल, हात भाजलेले. "धुऊन काढतो. कोरं करतो. पहिल्यापासून."

मी दुकानदाराला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. तो भाई पलीकडून कळवळून सांगत होता, की काका, दगड जिवंत असतो, त्यातले बारीक जीवच पाणी साफ ठेवतात, उकळू नका. नानांनी ऐकलं. हातातल्या दगडाकडे बघितलं. तो पांढराफटक झाला होता, हाडासारखा. शेवटचा दगड होता तो.

संध्याकाळी टाकी भरली. काय दिसत होती म्हणून सांगू! पाणी काचेसारखं, दगड शुभ्र, एक गोम नाही. मासे पुन्हा आत सोडले तेव्हा वहिनींचे डोळे लकाकले. नानांनी गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला. "बघा, झालं की नाही?" मी पेढा खाल्ला आणि दुकानदाराचं बोलणं चुकीचं ठरावं अशी मनातल्या मनात इच्छा केली.

ते चुकीचं ठरलं नाही. पाणी दोन दिवसांत दुधाळ झालं. प्रवाळाची बोटं मिटली ती उघडली नाहीत, मग ते विरघळून खाली बसलं. पिवळा मासा गेला. क्लाउन पाण्याच्या वर तोंड काढून भराभर श्वास घ्यायला लागले. नाना गिरणीत गेले नाहीत. मीठ कालवायचं, मगाने जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, पुन्हा कालवायचं. मीही कालवलं. बमरोलीची भावजय आली, तिनेही कालवलं. एक क्लाउन गेला. दुसरा कोपऱ्यात आडवा होऊन कल्ले हलवत होता आणि वहिनींची नजर त्याच्यावर खिळली होती. नाना त्याच्याखाली तळहात धरून त्याला पाण्यात उभा ठेवत होते. "ऊठ रे बापा, ऊठ. ती दखी राहिनी." ती बघते आहे. तो हातातच थंड झाला. थंड काय, मासा तो थंडच असतो. पण हलायचा थांबला.

मग नाना पलंगाशी जमिनीवर बसले आणि वहिनींच्या पायांवर कपाळ टेकवलं. "मन्हा हाते मरनात वं. रोट मीच टाका. तुले तर ठाऊक व्हतं, तू दखी राहिंती." त्यांच्या तोंडून आपली चूक झाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला. तो नानांच्या डोक्यापर्यंत पोचला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. ते एक वाक्यही नाही. मी तिथून निघाले, कारण अशा वेळी शेजाऱ्याने निघायचं असतं.

पुढे वहिनींचं ते वाक्यही गेलं. नाशकातला भाऊ एकदाचा आला आणि दोघांना अमळनेरला घेऊन गेला. मी शाळेत होते, भेट झाली नाही. टाकी भंगारवाल्याने नेली.

मला आठवतात ते निघायच्या आदल्या दिवशीचे नाना. मी डब्यात खिचडी घेऊन गेले होते. दार उघडं होतं. टाकी कोरडी, पुसून लख्ख. नाना तिच्यामागे स्टुलावर बसले होते आणि वरून हात आत घातलेला होता. बोटाला दोरा, आणि दोऱ्याला जॉर्जेटची एक केशरी चिंधी, मधे पांढरे पट्टे ठेवून रंगवलेली. ती ते रिकाम्या टाकीत फिरवत होते. डावीकडे, मग हळूच वर, मग दगड असायचा तिथे थोडी थांबवून पुन्हा खाली. मासा जसा जायचा तशी. चाहूल लागली तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"दख वं," ते म्हणत होते. "एक डाव दख. एकच डाव."

वहिनी छताकडे बघत होत्या.